गाठोडं सांभाळणारा

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिचं नाव 'मतवाली' पडलं होतं, आणि त्यात चावटपणा कमी, वस्तुस्थिती जास्त होती. तंत्रज्ञानाच्या पानावर दर आठवड्याला एक मत लागायचं आणि ते ती पुरवायची. नवा फोन आला, मत. कुठली कंपनी बुडाली, मत. यंत्रं माणसांची कामं खाणार का, यावर तर तिनं दोन्ही बाजूंनी इतकं लिहिलं होतं की आपली बाजू कुठली, हे तिचं तिलाच आठवेनासं झालं होतं. अलीकडे तिला मतांचा वीट आला होता. पण वीट आला म्हणून कुणी नोकरी सोडत नाही, तशी तिनंही सोडली नव्हती.

त्या रविवारी दुपारी संपादकांचा फोन आला तेव्हा ती कपडे वाळत घालत होती.

"बातमी पाहिलीत ना? तो 'गाठोडं' नावाचा प्रोग्राम! अर्ध्या जगाच्या कॉम्प्युटरात बसलाय आणि त्यात कुणीतरी चोरदरवाजा करून ठेवलाय. दवाखाने, बँका, सगळ्यांची पळापळ चाललीय. संध्याकाळपर्यंत लेख द्या, जरा खरमरीत. एवढा मोठा कारभार म्हणे एकटा माणूस सांभाळतो. कोण हा बाबा, काही पत्ता?"

हा बाबा आतल्या खोलीत बनियनवर, दाराकडे पाठ करून बसला होता. तिचा नवरा.

"बघते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

नवऱ्याचा हा उद्योग तिनं चारचौघांत कधी सांगितलाच नव्हता. सांगण्यासारखं होतं काय त्यात? फायली दाबून लहान करायच्या आणि पोचल्या ठिकाणी पुन्हा सोडायच्या, एवढं ते गाठोड्याचं काम. तरुणपणी स्वतःचीच एक फाईल उघडेना म्हणून त्यानं तो प्रोग्राम लिहिला आणि घ्या, वापरा, चुकलं असेल तर सुधारा, म्हणून जगापुढे उघडा ठेवून दिला. जगानं घेतला, वापरला. सुधारायचं मात्र त्याच्यावरच ठेवलं. ऑफिसातून आला की चहाचा कप घेऊन तो त्या खोलीत शिरायचा. "फुकटचा फौजदार आहे नुसता," सासूबाई म्हणायच्या. "पगार नाही ते नाही, वर शिव्या!" आणि सुनेला ते मनापासून पटायचं.

ती आत गेली. पडद्यावर भराभर निरोप येऊन पडत होते. त्यांतला एकही चांगला नव्हता.

"जो मला मदत करत होता ना," तो मागे न बघता म्हणाला, "त्यानंच केलं. एका दुरुस्तीत लपवून."

"पण तू तर ओळन् ओळ वाचतोस!"

हे खरं होतं. बाहेरून आलेली दुरुस्ती, मग ती कितीही किरकोळ असो, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तो आत घेत नसे. तिच्या भावाच्या लग्नात सगळे फोटोसाठी खोळंबले होते आणि हा लॅपटॉप मांडीवर घेऊन कोपऱ्यात ओळी निवडत बसला होता. भाऊ अजून त्यावरून टोमणे मारतो.

"ती एक नाही वाचली," तो म्हणाला.

"का?"

त्यानं मागचे निरोप वर ओढले आणि खुर्ची बाजूला घेतली. तिनं वाकून वाचलं. 'अजून झालं नाही?' 'जमत नसेल तर सोडून द्या ना.' 'तुमच्यामुळे आमचं काम अडलंय.' एकाखाली एक, नुसती भुणभुण. आणि मध्येच त्या मदतनीसाचा: 'तुमच्या उत्तरांवरून वाटतं, तुम्ही फार दमला आहात. आज जेवून स्वस्थ झोपा. एवढं मी बघतो.'

"हे वाचलं आणि काय सांगू तुला, बरं वाटलं गं," तो म्हणाला. "त्याची दुरुस्ती तशीच आत घेतली. उठलो, जेवलो, झोपलो. मग हळूहळू प्रोग्रामच्या सगळ्याच किल्ल्या त्याच्या हातात दिल्या."

तिनं निरोपाची तारीख पाहिली. त्या आठवड्यात ती बाहेरच्या खोलीत बसून, आपला पासवर्ड बळकट कसा ठेवावा, यावर लेख लिहीत होती. मध्ये भिंत तेवढी होती. त्या चोराचा तिला राग यायला हवा होता. आधी आली ती लाज. तिकडे कुठेतरी बसलेल्या भामट्याला चार ओळींवरून जे कळलं, ते रोज पानात वाढणारीला कळू नये!

आणि ही लाज पुरती अंगात मुरते न मुरते तोच तिच्या डोक्यात मथळा तयार झाला. सगळं जग 'कोण' शोधत होतं. 'कसं' ते तिला एकटीला ठाऊक होतं. इतका चांगला लेख तिला आयुष्यात मिळाला नव्हता. फक्त यानं हो म्हणायला हवं होतं.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दमलायस तू. थोडा पड जा. या लोकांना उत्तरं मी देते."

त्याचा खांदा आक्रसला. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं, कितीतरी वेळ.

"काय हवंय तुला?"

रागानं नाही, त्रासून नाही. खिडकीवरचा कारकून विचारतो तसं विचारलं त्यानं. 'काही नाही' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"लेख हवाय," ती म्हणाली. "संपादकांना. आणि मलाही."

त्यानं मान डोलावली. त्याला थोडं हायसं वाटल्यासारखं दिसलं. "लिही मग. माझं नाव घाल. न वाचता आत घेतलं, किल्ल्या दिल्या, सगळं घाल. तो निरोप तेवढा नको."

"अरे, तोच तर मुद्दा आहे! लोक सावध होतील."

"होतील ना. माझ्यासारखे कितीतरी बसलेत असेच, एकेकटे. उद्या त्यांना कुणी खरंच विचारलं, दमलात का, तर त्यांना तो चोर वाटेल." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला आत्ता तू वाटलीस ना, तसाच."

ती बाहेर येऊन लिहायला बसली.

संध्याकाळी तिनं लेख पाठवला. हा माणूस माझा नवरा आहे, हे पहिल्याच ओळीत लिहिलं आणि त्या निरोपाबद्दल अक्षरही लिहिलं नाही. संपादकांचा लगेच फोन आला. आनंद त्यांच्या आवाजात मावत नव्हता.

"कमाल केलीत! पण एक राहिलंय बघा. इतका काटेकोर माणूस, मग ती एकच दुरुस्ती न वाचता घेतली कशी? वाचक हेच विचारणार. घरचा माणूस म्हणून झाकपाक नको हं."

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. तो आता गाठोड्याची ओळन् ओळ वाचत होता, पहिल्यापासून, बोट ठेवून.

"निष्काळजीपणा," ती म्हणाली.

"मग तसं स्पष्ट लिहा की!"

तिनं लिहिलं. निष्काळजीपणा तिचा होता. दुसऱ्या दिवशी छापून आला तो त्याच्या नावावर.