रिकामे सोडलेले रकाने

वॉर्डाचा फोन एंगेज, लिफ्ट कुठेतरी वर अडकलेली. नीला बर्वे जुनी फाइल छातीशी धरून जिन्याने धावत सुटली. चार मजले, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

पूर्व दिल्लीतल्या त्या खासगी रुग्णालयात ती तीस वर्षं रेकॉर्ड क्लार्क होती. गेल्या वर्षी कॉम्प्युटर आले आणि जुन्या फायलींतली माहिती त्यात भरायचं काम तिच्याकडे आलं. रोज साठ फायली. आज त्याच फायलींचे गठ्ठे बांधताना ओमवती नावाच्या बाईंच्या फायलीवरचं डॉक्टरांचं गिचमिड अक्षर तिला अचानक लागलं. पेनिसिलिन चालत नाही. तिने स्क्रीनवर नाव शोधलं. ओमवती सकाळीच दाखल झाल्या होत्या. खाट चौदा. अकरा वाजता पेनिसिलिनचं इंजेक्शन. ॲलर्जी: नाही.

ते 'नाही' तिने लिहिलं नव्हतं. अक्षर लागेना म्हणून रकाना रिकामा सोडला होता. त्याचं 'नाही' मशीनने परस्पर केलं होतं.

अकराला पाच मिनिटं होती.

ती खाट चौदापाशी पोचली, तेव्हा सिस्टरने सिरिंज सलाइनच्या नळीला लावलीच होती.

"रुको! मत देना!" नीला ओरडली. "इनको पेनिसिलिन से रिअ‍ॅक्शन होता है!"

"सिस्टम में तो कुछ नहीं है, मॅडम."

"सिस्टम में मैंने ही भरा है."

सिस्टरने सिरिंज काढून घेतली. म्हाताऱ्या ओमवती दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "क्या हुआ, बिटिया?"

नीला बाहेर येऊन जिन्यात बसली. हा एक रकाना गुपचूप भरला, की कुणाला कळणार होतं? निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पण असे किती सोडले होते आपण?

ती उठली आणि वैद्यकीय अधीक्षक डॉ. मयुरा देवधरांच्या केबिनमध्ये गेली.

सगळं ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "असे अजून किती?"

"दोनशे तरी. जास्तच असतील."

"नीलाताई, चौकशी होणार. कळतंय ना?"

"कळतंय, मॅडम. पण त्यातलं कुणी आत्ता इथेच ॲडमिट असलं तर?"

डॉक्टरांनी कॉम्प्युटर विभागाला फोन लावला आणि हिंदीत बजावलं, की रिकाम्या रकान्यात 'माहीत नाही' असंच दिसलं पाहिजे आणि तो भरल्याशिवाय औषध पुढे जाता कामा नये. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "वॉर्डातले पेशंट मी बघते. घरी गेलेल्यांना तुम्ही विचारा. आजच."

दुपारी रिकाम्या रकान्यांची यादी आली. दोनशे त्रेचाळीस नावं. पहिलं विष्णू दत्त शर्मा, वय एकाहत्तर. आठवड्यापूर्वी घरी सोडलेले. सोबत दिलेल्या गोळ्या पेनिसिलिनच्याच जातीच्या.

तिने नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली आणि बंद पडली. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने डोळे मिटून घेतले.

पलीकडे कुणीतरी खाकरलं. "हाँ जी, शर्मा बोल रहा हूँ. कौन?"

विचारायचं होतं ते सगळं समोर कागदावर लिहिलेलं होतं. नीलाला एक अक्षर दिसेना.

"बाबूजी," ती कशीबशी म्हणाली, "आप ठीक हैं ना?"