दोन कानांची कढई

मित्रांनो, ही गोष्ट १९७४ सालच्या नाताळची. नागपुरात कडबी चौकापलीकडे बैठ्या घरांची एक गल्ली होती. त्या गल्लीतल्या एका स्वयंपाकघरात मी खिळ्याला टांगलेली असायची. मी एक जुनी लोखंडी कढई आहे.

माझा जन्म खाप्याचा. कन्हान नदीच्या काठी एका लोहाराची भट्टी होती, तिथे मी घडले. त्याने मला इतके ठोकले की आजही माझ्या बुडावरून हात फिरवला तर हातोडीचे ठसे बोटांना लागतात. खाप्याच्या बाजारातून मला एका ख्रिस्ती बाईंनी विकत घेतले. त्यांचा मुलगा मधुसूदन मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. त्याचे लग्न झाले तेव्हा त्यांनी मला सुनेच्या हाती दिले. सुनेचे नाव पुष्पलता.

एकदा माझा एक कान तुटला. दुसऱ्या कोणी मला मोडीत घातले असते. मधुसूदनने सळईचा तुकडा आणला, तो तापवून वाकवला आणि रिबिटांचे खिळे मारून मला नवा कान बसवला. तो जुन्या कानापेक्षा जाड झाला. "आता हिले सगळ्या गल्लीचं ऐकू येईन," तो बायकोला म्हणाला. पुष्पलता किती तरी वेळ हसत होती.

माझे खरे दिवस नाताळचे. डिसेंबरात नागपूरभर संत्री स्वस्त होत. पुष्पलता त्यांच्या साली जपून ठेवायची. आतला पांढरा भाग सुरीने खरवडून काढायचा, साल सावलीत वाळवायची, कुटायची आणि चिमूटभर करंजीच्या सारणात घालायची, ही सासूने शिकवलेली रीत. करंजी तेलात सोडली की तो वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई. मग मधुसूदन ताटांवर रुमाल झाकून घरोघर निघायचा. पहिले ताट नेहमी भिंतीपलीकडच्या चंपतरावांना. ते त्याच्याच पाळीत कामाला होते. छोटी रूथ, मधुसूदनची मुलगी, बापाचा सदरा धरून मागे मागे चालायची.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मधुसूदनला कावीळ झाली आणि तो त्यातून उठला नाही.

त्याला मातीत ठेवून आल्यानंतर काही दिवसांनी चंपतरावांची बायको कौशल्याबाई आमच्या घरी आली. फार मायेची बाई. मधुसूदनच्या आजारात या घरची चूल तिनेच सांभाळली होती. तिने भांडी आवरली आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली. तिच्या घरच्या रीतीप्रमाणे ज्या घरातले माणूस जाते, त्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही. तळण शेजारपाजारचे पाठवतात. तिने मला खिळ्यावरून काढले. "ही माझ्याकडे राहू दे वं," एवढेच ती म्हणाली. पुष्पलताने मान हलवली. मी भिंतीपलीकडे गेले.

आणि तिथून पुढे, मित्रांनो, माझी मोठी पंचाईत झाली. दोन घरांमधली भिंत एका विटेची. मला दोन्हीकडचे ऐकू येत होते.

डिसेंबर लागला तेव्हा एका दुपारी रूथने आईला विचारलेले ऐकू आले, यंदा करंज्या करायच्या नाहीत का. पुष्पलता म्हणाली, कढई कुठे आहे आपल्याकडे. रूथ म्हणाली, मी मागून आणते.

"नको," पुष्पलता म्हणाली. "त्यांच्यात दुःखाच्या घरी तळण चालत नाही. त्यांनी एवढं केलं आपल्यासाठी. त्यांच्या मनाले लागीन असं नाही करायचं."

 रूथने विचारले, "मग बाबांची ताटं कोण नेईन?"  पितळी डबा उघडल्याचा आवाज आला. त्या डब्यात पुष्पलता संत्र्याच्या साली वाळवून ठेवत होती. करंज्या होणार नव्हत्या, तरी तिचा हात थांबला नव्हता.

इकडे कौशल्याबाई नवऱ्याला सांगत होती, की रीत बाजूला ठेवली तरी त्या घरी कढई नेऊन देण्याची तिची छाती होत नाही. मधुसूदनने बसवलेला तो कान पाहून पुष्पाला रडू येईल. त्यापेक्षा नाताळचा फराळ आपणच करून पाठवू.

दोघी एकमेकींना जपत होत्या. दोघींनाही हवे ते एकच होते, त्या घरचा नाताळ व्हावा, आणि माझ्याशिवाय ते कोणाला ठाऊक नव्हते. मला कान दोन, पण तोंड नाही. मी ओरडणार कशी?

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळीच कौशल्याबाईने मला चुलीवर ठेवले. तिच्या दिवाळीच्या करंज्या गल्लीत नावाजलेल्या, पण आज तिला पुष्पलतासारखी नाताळची करंजी करायची होती. वास तिच्या लक्षात होता, रीत माहीत नव्हती. तिने संत्री सोलली, साली पांढऱ्या भागासकट चुलीपाशी वाळवल्या आणि चांगल्या मूठभर कुटून सारणात मिसळल्या. रंग सुरेख आला. पहिली करंजी चंपतरावांनी तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"करंजी आहे का किराईताचा काढा?" ते म्हणाले. "ताप आलेल्याले दे, उतरून जाईन."

"तुमच्या जिभेले चव कधी होती?" कौशल्याबाई म्हणाली. तिचा त्या दिवशी उपास होता, म्हणून तिने स्वतः चाखली नाही. ताट भरले, रुमाल झाकला आणि स्वतः नेऊन दिले.

मी कान टवकारले. भिंतीपलीकडे करंजी मोडल्याचा आवाज आला.  आणि मग पुष्पलता हसली. आधी दाबून, मग मोकळेपणी. पोळ्यापासून त्या घरातून तो आवाज आला नव्हता. हसता हसता तिला रडू फुटले तेही मी ऐकले.

थोड्याच वेळात ती आमच्या दारात आली. हातात पितळी डबा होता.

"बाई, सालीचं पांढरं काढावं लागते न," ती म्हणाली. "अन् चिमूटभरच घालतात."

कौशल्याबाईने एक करंजी मोडून जिभेला लावली, उपास विसरून. मग कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय, हे तू खाल्लं? तुले विचारूनच करायले पाहिजे होतं."

"मीच केलं असतं. कढई असती तर."

"तुमच्यात चालते?"

"आमच्यात असं काही नसते, बाई. यांची आठवण काढायची तर नाताळ करूनच काढायची होती मले."

"मग मागितली काहून नाही?"

"तुम्हाले वाईट वाटीन म्हणून. तुम्ही काहून नाही दिली?"

"तुले वाईट वाटीन म्हणून."

 बाजेवरून चंपतराव म्हणाले, "आता कढईलेच विचारा, तिले काय वाटते ते."

तरीही कौशल्याबाईचा जीव अडखळत होता. जन्मभराची रीत अशी एका सकाळी सुटत नाही. पुष्पलताने ते ओळखले. तिने वाद घातला नाही, की तुमची रीत खोटी असेही म्हटले नाही. ती म्हणाली, "घरात नको चढवू आपण. अंगण तर दोघींचंय. तिथं चूल मांडू."

मित्रांनो, मी पुष्कळ शहाणी माणसे पाहिली. पण आपले दुःख एवढे ताजे असताना दुसरीच्या मनाचा एवढा विचार करणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. तीन विटांची चूल मांडली गेली. मधुसूदनने बसवलेला कान पुष्पलताने फडक्याने धरला, दुसरा कान कौशल्याबाईने. तेल तापले, आणि तो वास पुन्हा गल्लीच्या टोकापर्यंत गेला. लोक दारात येऊन उभे राहिले. 

नाताळच्या सकाळी ख्रिस्ती देवळातून आल्यावर रूथने ताटे नेली. पहिले ताट घेऊन ती चंपतरावांपुढे उभी राहिली. "बाबा म्हणायचे, पहिलं काकांचं." एरवी प्रत्येक गोष्टीवर थट्टा करणाऱ्या त्या माणसाने करंजी खाल्ली, डोळे पुसले आणि म्हटले, "गोड आहे वं पोरी."

पुढे पुष्पलताला कारखान्यातच कामावर घेतले. ती निवृत्त होईपर्यंत दर नाताळला माझी चूल अंगणातच मांडली जाई, दुःखाचे वर्ष उलटून गेले तरी. चंपतराव निवृत्त होऊन रामटेकजवळच्या आपल्या गावी गेले आणि तिथेच वारले. त्या वर्षी कौशल्याबाईच्या दिवाळीचे सगळे तळण पुष्पलताने माझ्यातच केले आणि एस.टी.ने डबे घेऊन स्वतः गेली. आज त्या दोघीही नाहीत. रूथ शिकून नर्स झाली. तिच्या घरी बुटीबोरीला गॅस आहे, चकचकीत भांडी आहेत. रूथच्या सुनेने मला दोनदा भंगारवाल्यासाठी बाहेर काढले. दोन्ही वेळा रूथ मला परत आत घेऊन आली आणि तेलाचा हात लावून खिळ्याला टांगून गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठे तरी असे एखादे डाग दिलेले, जोडलेले भांडे असेल. ते टाकण्याआधी तो जोड कोणी दिला, एवढे विचारून घ्या. आणि शेजारच्या घरी दुःख असेल, तर त्या माणसाला काय हवे ते मनातल्या मनात ठरवू नका. जाऊन विचारा.

मला तर नुसते कान होते. तुम्हाला तोंडही आहे.