मोहाच्या फुलांचा साचा

मी गाठीचा साचा बोलतोय. खरं तर अर्धाच. माझा दुसरा अर्धा भाग कुडापलीकडच्या घरात, धानाच्या कोठीवर ठेवलेला आहे. तेव्हा माझ्या सांगण्यात काही राहून गेलं, तर उरलेलं त्याला विचारा.

पाडव्याला गुढीवर साखरेची माळ घालतात ना, पोरं सकाळपासून जिच्यावर डोळे लावून बसतात, ती आमच्या पोटातून निघते. आम्ही दोन फळ्या, दोघींवर समोरासमोर सारखीच फुलं कोरलेली. मधून दोरा टाकायचा, एकीवर एक ठेवून आवळून बांधायचं आणि वरच्या भोकांतून गरम पाक ओतायचा. थंड झालं की गाठ सोडायची. दोऱ्यात ओवलेली पांढरीशुभ्र फुलं तयार.

माझा जन्म नागभीडचा. मुखरूभाऊंच्या घराची चौकट करताना जलालुद्दीन मिस्त्रीकडे सागाचा एक तुकडा उरला. मुखरूभाऊंचं बाजारात बत्ताशांचं, फुटाण्यांचं पाल, म्हणजे कापडी दुकान, असे. ते म्हणाले, "मिस्तरी, याचा गाठीचा साचा करून दे."

"फूल कोनतं काढू? कमळ काढतो."

"कमळ कोनं पाह्यलं इथी? मोहाचं काढ. रोज वेचतो तेच फूल बरं."

मिस्त्री आधी हसला, मग मन लावून कोरायला बसला. म्हणून आमची गाठी कमळाची नाही, गोल टपोऱ्या मोहाच्या फुलांची. सिंदेवाहीच्या बाजारातही लोक लांबून ओळखत, ही मुखरूभाऊंची गाठी.

ते दिवस आठवले की अजूनही माझ्या लाकडाला पाकाचा वास येतो. मुखरूभाऊ कढईपाशी, मोठा मुलगा नानाजी चुलीत लाकडं सारतोय, आणि धाकटा बिरजू वहिनीच्या, म्हणजे वच्छलाबाईच्या, मांडीवर. वच्छलाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा बिरजूची आई नुकतीच गेली होती. दीर कसला, लेकरूच होतं ते. तिच्या हातावर वाढलं.

घरची एक रीत होती. दरवर्षी माझ्यातून निघालेली पहिली गाठी विकायची नाही. गावात ज्या बाळाचा पहिला पाडवा असेल त्याच्या गळ्यात ती घालायची. बाळ ती चोखायचं, हनुवटी चिकट व्हायची, आई कौतुकानं हसायची. कोणाचं बाळ, कोणत्या घरचं, असं मुखरूभाऊंनी कधी विचारलं नाही. मला त्या पहिल्या गाठीचा फार अभिमान वाटे.

मुखरूभाऊ गेले. पुढं बिरजूचं लग्न झालं, रंभा घरात आली. काही दिवस बरे गेले. मग भांडण लागलं, आणि तेही मोहावरूनच.

चैतात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, मोह गळतो. रंभानं आदल्या दिवशी झाडाखालचा सगळा पालापाचोळा झाडून जागा लख्ख केली. पहाटे वच्छलाबाई आधी पोचली आणि टोपलं भरून घेऊन आली.

"झाडून मी ठेवलं अन् वेचून तुमी आनलं!" रंभा म्हणाली.

"झाडाले काय तुया बापानं पानी घातलं होतं?"

बाप काढला म्हटल्यावर बिरजू मध्ये पडला. रंभासाठी बिरजू, तर वच्छलाबाईसाठी नानाजी. टोपलंभर फुलांसाठी चूल वेगळी करायची वेळ आली. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. आम्ही उकळता पाक पोटात घेतो आणि शांत राहतो. यांना साधा शब्द सोसत नाही.

वाटणीला पंच बसले. बैल वाटले, पाण्याचे पितळी गुंड वाटले, परातीसुद्धा वाटल्या. शेवटी पंचांतल्या पत्रूभाऊंनी आम्हाला हातात घेतलं. "ह्या दोन फळ्या. एक नानाजीले, एक बिरजूले. झालं बरोबर!"

पत्रूभाऊंना काय माहीत! पण ज्यांना माहीत होतं ते दोघं तरी बोलायचे की नाही? नानाजी बिरजूकडे पाहत राहिले, बिरजू जमिनीकडे. आधी तोंड कोणी उघडायचं, एवढाच प्रश्न होता. कोणीच उघडलं नाही. अंगणात बांबूचा कुड उभा राहिला आणि मी धाकट्याच्या घरी आलो.

पुढच्या पाडव्याला बिरजूनं मला एका साध्या फळीवर पालथा बांधून पाक ओतला. अर्धा पाक चुलीत, थोडा त्याच्या बोटांवर. उरली ती एका अंगाची चपटी फुलं, दोरा उचलताच गळून पडली. कुडापलीकडूनही जळक्या साखरेचा वास आणि नानाजींचा खोकला येत होता. तिकडेही हाच तमाशा! दोन्ही गुढ्यांवर बाजारची गाठी चढली.

मग मला पाण्याच्या गुंडाखाली ठेवलं. फुलं खाली, पाठ वर. मी सागाचा, म्हणून टिकलो, पण सततच्या ओलीनं अंग फुगलं. साखरेचा मी, मला मुंग्यांनीही ओळख दाखवणं सोडलं.

असे काही पाडवे गेले आणि रंभाला मुलगी झाली. सोमवारची, म्हणून सोमारी. तिचा पहिला पाडवा तोंडावर आला तेव्हा रंभाचा जीव कासावीस झाला.

"साऱ्या गावच्या लेकरायले ह्या घरची गाठी भेटली. माया सोमारीले काऊन नाई?"

"बाजारातून आनतो ना," बिरजू म्हणाला.

"बाजारची नोको."

"मंग काय भाऊच्या पाया पडू?"

रंभा सोमारीला घेऊन आत गेली. पण सकाळी तिनं गुंड बाजूला केला, मला राखेनं घासलं आणि अंगणात अगदी कुडाला लागून गंगाळात भिजत घातलं. पाक ओतण्याआधी साचा भिजवावा लागतो, नाही तर साखर लाकडाला धरून बसते. रंभानं हाक मारली नाही, काही सांगितलं नाही. नुसतं गंगाळ ठेवलं.

पलीकडे वच्छलाबाई अंगण झाडत होती. खराटा थांबला. मग कुडापलीकडे पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि त्या पाण्यात कोण आहे ते मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई पदराखाली माझा जोडीदार घेऊन आली. मागे कढई घेतलेले नानाजी. कोणाकडेही न पाहता ते म्हणाले, "बिरजू, चूल पेटव."

पण आम्ही दोघं बसेनाच! मी पाण्यानं फुगलेलो, तो कोठीवर वाळून आकसलेला. बिरजूनं दोर आवळून आवळून हात लाल केले, तरी मधली फट जाईना.

"नाई बसून राह्यलं, भाऊ."

नानाजींनी कढई खाली उतरवली. "राहू दे मंग."

रंभानं सोमारीला उचललं आणि तोंड फिरवलं. मला तर त्या क्षणी चुलीत जावंसं वाटलं.

"राहू काऊन द्याचं?" वच्छलाबाई म्हणाली. "रंभे, तांदळाचं पीठ भिजव."

दोघी जावा गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि आमच्या फटीत पिठाची वळी दाबत राहिल्या. मग पाक ओतला. तो निवू दिला. दोर सोडला तेव्हा फुलं निघाली, पण प्रत्येकाला कडेनं साखरेची पातळ झालर होती. नानाजी सुरीनं ती काढायला लागले.

"राहू द्या वो, तशीच बरी," असं म्हणत वच्छलाबाईनं गाठी सोमारीच्या गळ्यात घातली. पोरीनं पहिलं फूल तोंडात घातलं. बिरजू कढई घासायच्या निमित्तानं उठून गेला, आणि बराच वेळ घासत बसला.

पाडव्याला म्हातारा जलालुद्दीन मिस्त्री दरवर्षीसारखा आला. त्यानं आम्हाला पाहिलं. "द्या इकडं, बिजागरी मारून देतो. मंग कोनाच्यानं वाटनी होनार नाई."

दोन्ही भावांना ते पटलं. वच्छलाबाईनं मात्र मला काढून रंभाच्या हातात दिलं.

"नोको मिस्तरी. एका घरी ठेवला तं दुसऱ्यानं कुड वलांडून याचं कायले?"

तेव्हापासून आम्ही वेगळेच राहतो. चुली दोनच आहेत, कुडही आहे, फक्त सोमारीनं ये-जा करून त्यात एक भगदाड पाडलंय. म्हणून माझं एकच मागणं आहे. मिस्त्री पुन्हा आला तर त्याला चहा पाजा, पण माझ्या अंगाला बिजागरी लावू देऊ नका.

यंदाही मोह गळायला लागलाय. रंभानं आत्ताच मला गंगाळात ठेवलं. वच्छलाबाई आता थकली, तिला वाकायला वेळ लागतो. पाण्यात पडलो की दरवर्षी माझा जीव थाऱ्यावर नसतो.

जरा थांबा, बोलू नका. पलीकडे गुंड उचलल्याचा आवाज आला.