पाळण्यातली वेल

शलाकाची नजर चांगली होती, त्यात वाद नाही. भंगाराच्या ढिगात तिचा हात नेमका त्याच वस्तूवर पडायचा, जी घरी आणून घासली-पुसली की लोकांनी तोंडात बोट घालावं. एचएसआर लेआउटमधल्या घराची गच्ची तिने अशीच सजवली होती. शिवणयंत्राच्या लोखंडी सांगाड्यावर कडप्पा टाकून टेबल केलं होतं, पितळी घंगाळात कमळ लावलं होतं, टवके उडालेल्या एनॅमलच्या मगांत पुदिना होता, आणि कुणाच्या तरी पाडलेल्या घराची सागवानी खिडकी भिंतीला टेकवून तिच्यातून मनीप्लांट सोडला होता. नवरा सुहास म्हणायचा, "अगं, आमच्या आईने माळ्यावरून जे जे फेकलं, ते ते तू पैसे देऊन परत आणलंस." शलाका हसण्यावारी न्यायची. पुण्याहून लग्न होऊन ती इथे आली. ह्या कानडी गावात भाषा नवऱ्याची, नातेवाईक नवऱ्याचे, ओळखीपाळखी त्याच्याच. तिचं म्हणावं असं जे काही होतं ते ह्या गच्चीवर होतं.

वाईट एवढंच, की चांगली नजर असलेल्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, जे आपल्याला दिसलं ते आपलंच.

तिला कुंड्यांची एक नर्सरी दाखवली पवित्राने. पवित्रा म्हणजे धाकटी जाऊ, सुहासच्या भावाची, उपेंद्रची बायको. माहेर निपाणीचं, नोकरी बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात. ती शलाकाला 'अक्का' म्हणायची. सुरुवातीला शलाकाच्या कानाला ते खटकायचं, मग सवय झाली. "आमच्या कंपनीच्या मागं देवाप्पाची नर्सरी आहे अक्का," पवित्रा म्हणाली होती, "कुंड्या चांगल्या असतात. येऊन बघा की एकदा."

शलाका गेली. कुंड्या घेतल्या, गाडीत भरल्या, आणि निघताना तिला कुंपणापलीकडचा पिंपळ दिसला. पाराशी नागाचे दगड, हळदीकुंकवाने माखलेले. आणि फांद्यांना लटकलेले इवले इवले पाळणे. बांबूचे, प्लॅस्टिकचे, रंगीत लाकडाचे.

आता ते पाळणे कशाचे हे शलाकाला कळलं नाही, असं कुणी म्हणू नये. नवसाचा पाळणा कुठल्या बाईला कळत नाही? पुरतं कळलं. पण त्यातला एक पाळणा तिला असा दिसला, की तिचा जीवच त्यात अडकला. जुन्या हाताचं काम, लाखेचे लाल-पिवळे दांडे, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं लाकूड. बाकीच्या बाजारी गर्दीत तो कसा आला कोण जाणे! मग तिने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. किती जुना आहे, ज्यांचं व्हायचं ते कधीच होऊन गेलं असेल. इथे पावसात कुजून जाईल. एवढे आहेत, एकाने काय बिघडतंय!

पाळणा तांब्याच्या तारेने बांधला होता, हाताने सुटेना. तेव्हा ती देवाप्पाकडे गेली आणि गाडीची नंबर प्लेट सैल झालीय म्हणून पक्कड मागून आणली. भर दुपार होती, पारावर चिटपाखरू नव्हतं. तार तुटली तेव्हा तिची छाती धडधडली, नाही असं नाही. पण गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत तीही थांबली.

घरी आल्यावर तिने पाळण्यातलं चिखलाने बरबटलेलं फडकं काढून बादलीत टाकलं. पाळण्यात काथ्या पसरला, माती घातली आणि मण्यांच्या सरीसारखी लोंबणारी ती महागाची वेल लावली. फडकं धुतल्यावर मऊ निघालं, म्हणून पानं पुसायला ठेवलं. मग पाळणा खिडकीच्या चौकटीला टांगून तिने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: 'आमच्या गच्चीवर नवा पाहुणा!'

सगळ्यांनी वाहवा केली. पवित्राचं तेवढं काही आलं नाही. तिला कुठली ह्या गोष्टींची आवड, शलाकाला वाटलं, आणि ती विसरूनही गेली.

रविवारी सकाळी अश्लेषा आली. लेआउटमधल्या बागवाल्यांचा मोठा ग्रुप ती चालवायची. तिने एखाद्या गच्चीचे फोटो टाकले की त्या घरी आठवडाभर बघायला येणाऱ्यांची रीघ लागायची. शलाकाने नवी साडी नेसली होती, फिल्टर कॉफी केली होती. आणि नेमकी तेव्हाच, फोन नाही, निरोप नाही, पवित्रा दारात उभी.

"ये ये, वर ये," शलाका म्हणाली. मनात म्हणाली, हिला आजच बरं सुचलं!

अश्लेषा गच्चीभर फिरत होती, फोटो काढत होती. पाळण्यापाशी येऊन थबकली. "अय्या, हा कसला गोड आहे! कुठे मिळाला?"

"यशवंतपूरच्या जुन्या बाजारात," शलाका म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण समोरचं माणूस कौतुकाने बघायला लागलं की शलाकाची जीभ सुटायची. "एका म्हाताऱ्या सुताराकडे होता. आजोबा द्यायलाच तयार नव्हते. किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे दिला. एकदम व्हिंटेज आहे."

पवित्राने कॉफीचा पेला कठड्यावर ठेवला. पाळण्यापाशी गेली. त्याच्या एका दांड्यावरून अंगठा फिरवला, खालून हात लावून बघितला, वेल अलगद बाजूला करून आत डोकावली.

"चांगला आहे," ती म्हणाली. "कुणीतरी जपून ठेवला असणार."

"अगदी!" अश्लेषा म्हणाली.

अश्लेषा गेली. शलाका तिला फाटकापर्यंत सोडून वर आली, तर पवित्रा तिथेच उभी होती, पाळण्याकडे बघत.

"अक्का, ह्यात काही होतं का?"

"कशात? पाळण्यात? कचरा होता गं थोडा. काढून टाकला."

"हा दांडा बघितलात?" पवित्राने बोट ठेवलं. बाकी दांडे लाखेचे होते, तो एक साधा, चाकूने तासलेला. "मूळचा मोडला तेव्हा बाबांनी नवा करून बसवला होता. मी लई रडत होते म्हणून. माझ्या बाहुलीचा पाळणा आहे हा अक्का."

शलाकाच्या तोंडचं पाणी पळालं. आणि अशा वेळीसुद्धा माणूस काय करतं बघा, ती म्हणाली, "अगं, तो खाली पडला होता. पाराखाली. मला वाटलं, टाकून दिलाय कुणीतरी."

"पडला होता?" पवित्राचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "वाऱ्यानं पडू नये म्हणून मी तारेनं बांधला होता. कंपनीतनं तार नेलेली. पीळ देऊन देऊन बांधलेला."

पक्कड शलाकाला आठवली. नंबर प्लेट आठवली. यशवंतपूरचा म्हातारा सुतार आठवला, आणि त्याच्या मिनतवाऱ्या. खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं.

"मी कापला," ती म्हणाली. "पक्कड आणून. मला माहीत होतं तो कशाचा असतो ते."

पवित्राने दांड्यावरचं बोट काढून घेतलं.

"कुणाला बोलले नाही मी," ती म्हणाली. "ह्यांनासुद्धा नाही. हसतील म्हणून. माझा तरी विश्वास आहे असं कुठं? पण ट्रीटमेंट चाललीय, डॉक्टर म्हणतात ह्यावेळी होईल, स्वल्प धीर धरा. तर म्हटलं, हे पण करून ठेवू. बांधणारीनंच सोडायचा असतो, मूल कडेवर घेऊन. तोवर कुणी हात लावायचा नसतो."

"पवित्रा, चल. आत्ता जाऊ. मी परत बांधते, माझ्या हाताने..."

"तुमच्या हातानं नको, अक्का."

ती हे रागाने म्हणाली नाही. शलाकाला मात्र हौसेने नेसलेली ती नवी साडी अंगावर नकोशी झाली.

पवित्रा नळाकडे बघत होती. नळाच्या तोटीवर ते फडकं वाळत होतं, पिवळसर, मधेमधे शेवाळाचे डाग. ती गेली, ते काढलं, दोन्ही हातांनी ताणून धरलं. एका कोपऱ्यावर निळ्या दोऱ्याचं बदक होतं.

ते बदक शलाकाने स्वतः भरलं होतं. लेकाच्या, मुकुलच्या वेळी, आठव्या महिन्यात, पाय सुजलेले असताना खिडकीत बसून. ते झबलं तिच्या हातात कितीदा तरी आलं होतं, त्याने तिने मनीप्लांटची पानं पुसली होती, कुंड्यांचे काठ पुसले होते. भंगारातलं पितळ कळणारी बाई ती, आणि स्वतःच्या लेकराचं झबलं तिला ओळखू आलं नव्हतं.

मुकुलचे जुने कपडे देऊन टाकले तेव्हा पवित्रानेच ते मागून घेतलं होतं. "एवढं एक मी न्यू का अक्का?" "कशाला गं?" शलाकाने विचारलं होतं, आणि पवित्रा लाल होऊन म्हणाली होती, "गाडी पुसायला." केवढी हसली होती शलाका! पुढे वर्षभर प्रत्येक सणाला, भरल्या पंगतीत, तिने तो किस्सा सांगितला होता: माझ्या लेकाच्या झबल्याने आमच्या जाऊबाई स्कूटर पुसतात. सगळे हसायचे. पवित्रासुद्धा मान खाली घालून वाढता वाढता हसायची.

"पवित्रा," शलाका म्हणाली आणि पुढे झाली.

"पाळणा असू दे इथंच. वेल चांगली धरलीय, उगाच मरेल." पवित्राने झबल्याची घडी केली, बदक वर येईल अशी. "एवढं मी न्यू का?"

ह्यावेळी शलाकाने कशाला म्हणून विचारलं नाही. जिन्यात पावलं वाजली आणि सुहास वर आला, हातात जिलबीचा पुडा. "काय गं पवित्रा, निघालीस लगेच? आणि हे काय नेतेस आमच्याकडून?"

शलाकाने पवित्राकडे बघितलं. आता ती सांगणार. सांगावंच तिने, आपण ऐकून घ्यायचं.

"काही नाही अण्णा," पवित्रा हसून म्हणाली, "गाडी पुसायला."

सुहास खो खो हसला. "अजून आहे का ते! शलाका, ऐकलंस?"

शलाकाने ऐकलं होतं. पवित्रा जिना उतरून गेली, खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि सुहास अजून हसतच होता. ती पाळण्याकडे पाठ करून उभी राहिली.