पहिलं नाव

नकुलने स्क्रीनवर अहवालाच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"ताई, माझं नाव काढाल का?"

पद्मिनीने चष्मा कपाळावर सरकवला. नकुल नागपूरहून पीएचडीसाठी आलेला. गेली दोन वर्षं तो अमेरिकेत ट्रेंटनला तिच्या संस्थेत राबत होता. बारा हजार घरांच्या मूल्यांकनाचे कागद त्याने चाळले होते. गल्ली तीच, घर तसंच. पण आत कृष्णवर्णीय कुटुंब राहत असलं की किंमत घसरते, हे त्यातूनच निघालं. ज्या गोष्टीसाठी पद्मिनीने वीस वर्षं घसा कोरडा केला, ती या पोराने पुराव्यानिशी पकडली होती. म्हणून तर तिने हट्टाने त्याचं नाव स्वतःच्या आधी घातलं होतं.

"घाबरलास?"

"डिपार्टमेंटमधल्या एका मुलीचा व्हिसा कॅन्सल केला, ताई. रीझनसुद्धा नाही दिलं. तिचाही टॉपिक असाच होता." तो खाली बघत राहिला. "आईचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. गेलो तर परत येऊ देतील का, काय माहीत."

तिला रागच आला. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं ओठांवर आलंही होतं. पण तिच्याकडे अमेरिकन पासपोर्ट होता. तिचा शूरपणा स्वस्तातला होता आणि त्याची तिला लाज वाटली.

तिने त्याच्यादेखत नाव काढलं, फाइल सेव्ह केली. नकुलचा जीव भांड्यात पडला.

"थँक्स, ताई. मग तिकीट बुक करतो."

"कर की. आईला सांग, मी विचारलंय."

तो गेला आणि तिने सकाळच्या मेल उघडल्या. छापण्याआधी मसुदा अभिप्रायासाठी बाहेर पाठवायचा, ही संस्थेची जुनी रीत. गेल्या सोमवारी तिनेच तो, नकुलच्या नावासकट, एका सरकारी समितीला पाठवला होता. उत्तर आलं होतं, दोनच ओळींचं. अभिप्राय काहीच नव्हता. मसुदा मिळाला, आभार. पहिल्या लेखकाचा सध्याचा पत्ता आणि तो देशात कोणत्या व्हिसावर आहे, ते कळवावं.

पद्मिनीने ते तीनदा वाचलं.

बाहेर पॅसेजमध्ये नकुल फोनवर आईला तारीख सांगत होता, हसत होता. पद्मिनी उठली, दारापर्यंत गेली. त्याने तिला पाहून हात केला. तिनेही केला.

मग तिने दार हळूच लावून घेतलं.