मागचा शिक्का

अकरा दिवस. तिसऱ्यांदा मोजले तरी अकराच. अपील दाखल करून घेणाऱ्या खिडकीवरच्या माणसाने पहिल्या पानावर लाल शाईने ‘मुदतीनंतर’ असं लिहून कागद माझ्याकडे परत सरकवले आणि वर विचारलं, “टाचणी, तब्येत बरी आहे ना?”

मला अख्खं कोर्ट टाचणी म्हणतं. माझ्या खिशाच्या काठाला ओळीने टाचण्या खोचलेल्या असतात, म्हणून. एकतीस वर्षं मी एकाच वकिलांच्या घरात कारकून आहे. आधी आताच्या वकीलबाईंच्या वडिलांकडे होतो. ते गेले, खुर्चीवर बाई आल्या, माझं टेबल तेच राहिलं. या एकतीस वर्षांत माझी मुदत एकदाही चुकली नव्हती. दुसऱ्या वकिलांचे कारकून माझ्या टेबलाशी येऊन “हे जरा मोजून द्या” म्हणायचे आणि मी सांगेन ती तारीख डोळे मिटून लिहून घ्यायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

निकाल विरुद्ध गेला की अपिलाला तीस दिवस मिळतात. निकालाची नक्कल तयार व्हायला जितके दिवस लागतील तितके वजा होतात. तयार झाली की नकलेच्या मागच्या बाजूला तारखेचा शिक्का बसतो आणि तिथून दिवस पुन्हा धावायला लागतात. मग तुम्ही ती उचला, नाहीतर खिडकीत पडू द्या. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. पण नकलेसाठी रांगेत उभा राहणाऱ्यांतला मी नव्हतो. नकलांच्या खिडकीवरचा जुना माणूस नक्कल झाली की शिपायाबरोबर निरोप धाडायचा, आणि मी त्याच दिवशी जाऊन घेऊन यायचो. तेव्हा माझ्या लेखी तयार झाल्याचा दिवस आणि उचलल्याचा दिवस एकच. यंदा तो निवृत्त झाला. नव्या माणसाला मी कोण हे ठाऊक नव्हतं. नक्कल अकरा दिवस खिडकीत पडून राहिली. शेवटी मीच चिडून गेलो, उचलली, आणि मोजायला सुरुवात केली ती उचलल्या दिवसापासून. अपील शेवटच्या दिवशी दाखल करायचं ही तर आम्हा कोर्टवाल्यांची जुनी खोड.

यात माझं काही जाणार नव्हतं, जाणार होती ती काकूंची खोली. शिवणवाल्या काकू. एक खोली, दोन मशिनं, सव्वीस वर्षं शाळेचे गणवेश. घरमालकाला ती खोली गाडी ठेवायला हवी होती. खालच्या कोर्टाने खोली रिकामी करायला सांगितलं होतं, आणि पुढच्या सोमवारी ताबा घ्यायला माणसं येणार होती. ते थांबवायला हातात फक्त हे अपील होतं.

अर्थात यावर औषध असतं. उशीर माफ करा असा अर्ज द्यायचा आणि कारण म्हणून आजारपण लिहायचं. सगळं कोर्ट हेच करतं. आमच्या कोर्टासमोरच्या डॉक्टरांकडे तर अशा दाखल्यांचा गठ्ठाच असतो. फक्त नाव आणि दिवस विचारतात. मी दुपारच्या सुट्टीआधी दाखला आणून बाईंच्या टेबलावर ठेवला. काकूंना ताप आणि कंबरदुखी, सक्त विश्रांती, दिवस अकरा.

बाईंनी तो वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“काकू आजारी होत्या?”

“कागदावर होत्या,” मी म्हणालो.

बाईंनी दाखल्याची घडी घातली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. परत करून या म्हणाल्या.

या बाईंपुढे कधी कधी माझे हात टेकतात. मी म्हटलं, न्यायाधीशांना माहीत असतं, समोरच्या वकिलाला माहीत असतं, डॉक्टरांना तर असतंच, मग खोटं सांगतोय कोणाला? बाई म्हणाल्या, चूक आपली, आणि शपथेवर खोटं बोलायचं काकूंनी, हे मला जमणार नाही. मी म्हटलं, तुमचे वडील असते तर. पुढे बोललो नाही. कारण वडीलही असेच होते, याच बाबतीत त्यांनी एकदा दिवसभर माझ्याशी बोलणं सोडलं होतं. आगीतून उठून फुफाट्यात पडावं तसा मी या घरात एकाकडून दुसरीकडे आलो.

त्याच बैठकीत बाईंनी मला एक पत्र टाइप करायला सांगितलं. काकूंच्या नावे. ‘आमच्या कार्यालयाच्या चुकीमुळे आपले अपील मुदतीत दाखल झाले नाही. आपणास दुसरा वकील नेमण्याचा हक्क आहे. आपली सर्व कागदपत्रे सोबत तयार आहेत. या चुकीबद्दल माझ्याविरुद्ध दाद मागण्याचाही आपणास हक्क असून, त्याबाबत अन्य वकिलाचा सल्ला घ्यावा.’ मी टाइप करता करता दोनदा थांबलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लहान मुलालाही कळतं. आणि या बाई स्वतःवर खटला कसा करायचा याची वाट पक्षकाराला दाखवत होत्या. मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, “शुद्धलेखन तपासा.”

चार वाजता काकू आल्या. गळ्यात मापाची पट्टी तशीच, मशीनवरून उठून आलेल्या. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. कुठेही मऊ केलं नाही. मग पत्र दिलं. काकूंनी पत्र वाचलं, उलटं करून बघितलं, पुन्हा वाचलं.

“म्हणजे माझी खोली गेली?” त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, गेली असं नाही, अर्ज करू, पण खरं कारण सांगून करू. न्यायाधीश मान्य करतील का सांगता येत नाही.

मी इथे तोंड घातलं. दाखला अजून माझ्या खिशातच होता. मी म्हटलं, आजारपणाचं कारण दिलं तर नक्की होईल. काकूंनी हात पुढे केला. “आणा, मी करते सही. अंगठा हवा तर अंगठा देते.”

“मी ते दाखल करणार नाही, काकू,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल तर कागद आत्ता देते.”

काकूंचा आवाज चढला नाही. “बाई, तुमचं खरं तुम्ही सांभाळा. पण ते माझ्या खोलीवर का? सोमवारी मशिनं रस्त्यावर येतील ती माझी. मी आता या वयात कुठे जाऊ? चुकलं तुमच्याकडे आणि खरेपणाची हौसही तुमचीच.”

बाई मान खाली घालून टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आता तरी वळतील. तेवढ्यात काकू माझ्याकडे वळल्या.

“दिवस कोणी मोजले?”

“मी.”

“मग तुम्ही का नाही सांगत तसं कोर्टात? माझ्या अंगात ताप कशाला घालता?”

मी बाईंकडे बघितलं. बाई टेबलावरच्या कागदांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “मोजणी तपासली नाही, असं माझं प्रतिज्ञापत्र मी देणार आहे. त्यांच्यावर मी जबरदस्ती करणार नाही. सही त्यांची आहे.”

खरं सांगतो, मला दोघींचाही राग आला. एकतीस वर्षं मी लोकांच्या प्रतिज्ञापत्रांवर पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या. ‘इथे सही करा, इथे, आणि मागे इथे.’ हजारो माणसांनी त्या फुल्यांवर सह्या केल्या. माझं स्वतःचं नाव कुठल्याही कागदावर कधी आलं नाही, आणि येऊ नये हीच कारकुनाची अब्रू. आता आलं तर कशासाठी? मोजता आलं नाही म्हणून. ज्यांना मी आजवर मोजून दिलं, ते सगळे मागच्या बाकांवर बसून ऐकणार.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, ही तरी माझ्या बाजूने बोलेल. ती गणवेशाचं ऐकून म्हणाली, आपल्या मुलीचा झगा त्यांनीच शिवला होता, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दोन तासांत. मला आठवत नव्हतं. तिला अशा गोष्टी नको तेव्हा आठवतात.

सकाळी कार्यालयात गेलो आणि बाईंना म्हटलं, सांगा, टाइप करतो. बाई म्हणाल्या, तुमचं तुम्ही सांगा, मी टाइप करते. आमच्या जागा बदलल्या. मी सुरुवात केली, “नजरचुकीने…”

बाईंची बोटं थांबली. “नकलेच्या मागचा शिक्का तुम्ही बघितला होता?”

“नाही.”

“बघितला आणि चुकीचा वाचला, तर नजरचूक. बघितलाच नाही, तर काय?”

मला वाटलं, हा छळ आहे. सगळी दुनिया नजरचूक लिहिते. बाईंनी घाई केली नाही. शेवटी मी सांगितलं आणि त्यांनी टाइप केलं, ‘मी मागचा शिक्का वाचला नाही. नक्कल तयार होताच मला निरोप येतो, अशी मला सवय होती. म्हणून मला तो वाचण्याची गरज वाटली नाही.’ कागद माझ्यापुढे आला तेव्हा खाली बाईंनी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली होती. मी सही केली.

शुक्रवारी सुनावणी झाली. बाकं भरलेली होती. अशा बातम्या कोर्टात पायी जात नाहीत. समोरच्या वकिलांनी उभं राहून सांगितलं की इतक्या जुन्या कारकुनाला शिक्का माहीत नाही यावर कोण विश्वास ठेवील, यात काहीतरी मेख आहे. न्यायाधीशांनी दोन्ही प्रतिज्ञापत्रं वाचली. त्या दिवशी त्यांच्यापुढे उशीर माफीचे सहा अर्ज होते आणि आमच्या आधीच्या पाचांत पाच माणसं तापाने आजारी होती. ते आधीच वैतागलेले दिसत होते.

“कारकून हजर आहे?”

मी उठलो. त्यांनी किती वर्षं काम करता म्हणून विचारलं. मी एकतीस म्हणालो. मागे कोणीतरी हसलं.

“एकतीस वर्षांत मागची बाजू बघायची असते हे कळलं नाही?”

“कळतं, साहेब. त्या दिवशी बघितली नाही.”

“का?”

“मला गरज नाही असं वाटलं.”

न्यायाधीशांनी प्रतिज्ञापत्रं बाजूला ठेवली. चांगलंही बोलले नाहीत, वाईटही बोलले नाहीत. लेखनिकाला सांगितलं, लिहा, प्रतिज्ञापत्रातलं कारण नमूद करून विलंब माफ, अपील दाखल करून घ्यावं, ताब्याला पुढील तारखेपर्यंत स्थगिती. आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी सांगितलं, सोमवारी कोणी येणार नाही. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग पिशवीतून एक वही काढली. मापं लिहायची वही. “पुढची तारीख सांगा,” म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या डायरीत आहे, मी कळवतो ना. “असू दे,” काकू म्हणाल्या, “मी पण लिहून ठेवते.”

मी सांगितली. त्यांनी ती पेन्सिलीने लिहिली, आणि बरोबर लिहिली ना म्हणून माझ्या डायरीशी ताडून बघितली. बाई दोन पावलांवर उभ्या होत्या, त्यांनी हे बघितलं. जिन्यातून उतरताना त्यांनी माझ्या हातातली फायलींची पिशवी स्वतःकडे घेतली. आजवर कधी घेतली नव्हती. मीही दिली.

त्यानंतर माझ्या टेबलाशी मोजायला कोणी आलं नाही. पहिले काही दिवस मी कॅलेंडर समोर ठेवून बसायचो. मग ते भिंतीवर परत टांगलं.

त्या आदेशाची नक्कल लागणार होती, ताबा घेणाऱ्या खात्यात द्यायला. अर्ज करून मी दुसऱ्या दिवसापासून नकलांच्या रांगेत उभा राहू लागलो. पहिल्या दिवशी नव्या माणसाने सांगितलं, झाली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे सात जण होते. उन्हाची तिरीप सरकत पायापर्यंत आली, तेव्हा माझा नंबर लागला. त्याने नाव विचारलं. मी टाचणी म्हटलं नाही, पूर्ण नाव सांगितलं.

नक्कल हातात आली. वरच्याच पानावर, चौथ्या ओळीत, ‘कारकुनाने शिक्का वाचला नाही’ असं छापून आलं होतं, आणि त्याआधी माझं नाव. मागचा माणूस म्हणाला, सरका की पुढे. मी बाजूला झालो, कागद उलटा केला आणि आधी मागची तारीख वाचली.