जिरगालवर धावून जाणारा याक

“लिहा. पहिली वस्तू जिरगाल. त्वरण दोन मीटर प्रति सेकंद वर्ग. दुसरी वस्तू याक, त्वरण चार. मधलं अंतर पंच्याहत्तर मीटर. दोघंही थांबलेले होते, आता एकमेकांच्या दिशेनं सुटले. टक्कर कधी?”

नववीचा वर्ग खुसखुसला. बुरुलकान एजेंचं, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या बाईंचं, हे गणित आत-बाशी गावच्या पोरांनी शाळेत येण्याआधीच आईबापांकडून ऐकलेलं असे. लग्नानंतर सात महिन्यांत त्यांचा नवरा जिरगाल एका शिंपिणीबरोबर शहरात निघून गेला आणि एजेंची पेटी त्यानं कुणाच्या तरी ट्रकमधून माहेरी धाडली. स्वतः तोंड दाखवायलाही आला नाही मेला. तेव्हापासून बावीस वर्षं एजे त्याला दरसाल फळ्यावर याकच्या शिंगांवर घालत होत्या, आणि दरसाल त्यांच्या जिवाला तेवढाच थंडावा मिळत होता.

यंदा तर पर्वणीच होती. जिरगाल बायकोमुलीसह गावी परतला, एवढं कानावर येताच एजेंनी सांगणारीला गप्प केलं होतं. पुढचं त्यांना ऐकायचंच नव्हतं. त्याची मुलगी आयती त्यांच्या वर्गात आली होती, याहून आणखी काय हवं!

“बेगिमाय, ये फळ्याशी. तुझ्या बापाचं काय होतं ते सांग सगळ्यांना.”

पोरगी उठली. तिनं शांतपणे दोन्ही त्वरणांची बेरीज केली, सूत्र मांडलं.

“पाच सेकंद, एजे. बाबा पंचवीस मीटर जातात, याक पन्नास.”

“शाब्बास! बापापेक्षा हुशार निघालीस.”

“पण एजे, हा आकडा चुकलाय.” तिनं दोन पुसून तिथं शून्य लिहिलं. “बाबांना चालता येत नाही. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. खिडकीशी न्यायचं तरी आम्ही दोघी उचलतो.” खडू पुन्हा चालू लागला. “आता सहा सेकंदांहून थोडं जास्त येतं. म्हणजे एक सेकंद जास्त जगतील.”

कुणी हसलं नाही. एजेंना संताप आला, आधी पोरीचा, मग त्याचा. बावीस वर्षं ज्याला समोरासमोर गाठायचं मनात धरलं, त्यानं असं पडून राहावं? हीसुद्धा त्याची लबाडीच.

“बोलतो का?”

“नाही.”

“माणसं ओळखतो?”

“मला ओळखतात. कधी कधी.”

एजेंनी फळ्यावरच्या चाराकडे बोट केलं.

“याकचंही शून्य कर.”

बेगिमायनं केलं.

“मग टक्कर कधी, एजे?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“होत नाही. उत्तर तसंच लिहा.”

पोरांनी वह्यांत तसं लिहून घेतलं.